कोंबड्यांसाठी अंधार

फोटोवाल्याच्या परसात कोंबड्या आल्या त्या बायकोच्या हौसेनं, पण वेड लागलं ते फोटोवाल्याला. पुढे रस्त्याला लागून स्टुडिओ, मधे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे भिंतींनी वेढलेली चार पावलं मोकळी जागा, असं त्यांचं घर. आजूबाजूला इमारती उंच होत गेल्या, हे एक मात्र होतं तसं बुटकं राहिलं. बायको नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. जन्मभर माणसांना उठवण्याबसवण्यात गेलेली बाई, घरी तिला करमेना. एक दिवस ती तीन कोंबड्या घेऊन आली आणि म्हणाली, "यांना सलाईन लावावं लागत नाही. एवढंच बघून आणल्यात."

फोटोवाल्याची समजूत अशी की कोंबडी म्हणजे एक यंत्र; इकडून दाणे घालायचे, तिकडून अंडं घ्यायचं. ती समजूत आठवड्याभरात मोडली. एक अंडं आलं ते कवचाशिवाय, नुसत्या पातळ कातड्यात, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं हलणारं. "कॅल्शियम कमी पडलंय," बायको म्हणाली आणि अंड्यांचीच टरफलं कुटून त्यांना घालू लागली. एकीनं खुराड्यातला पेंढा नाकारला आणि फोटो धुवायच्या जुन्या ट्रेमध्ये अंडं घातलं. तिथून तिला हलवलं तर दिवसभर घर डोक्यावर घेतलं. थंडी पडली तशी तिघींनी मिळून अंडी देणंच थांबवलं. फोटोवाला हवालदिल झाला. "दिवस लहान झालाय," बायको म्हणाली, "उजेड कमी मिळाला की त्या रजेवर जातात. मला नोकरीत असली रजा कधी मिळाली नाही."

नावं फोटोवाल्यानं ठेवली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके होते ती निगेटिव्ह. तपकिरी, जुन्या फोटोच्या रंगाची होती ती सेपिया. आणि पांढरी जी होती, ती मान तिरकी करून एका डोळ्यानं न बघता सरळ समोर तोंड करून उभी राहायची, जणू दोन्ही कान दिसले पाहिजेत असं कुणी सांगून ठेवलंय. ती पासपोर्ट.

पण सगळ्यात मोठा धक्का दाण्यांच्या वेळेला बसला. त्याला वाटायचं, मुकी जनावरं, मिळूनमिसळून खात असतील. छे. आधी निगेटिव्ह खाणार. तिचं झालं की सेपिया. पासपोर्टनं मधे चोच घातली तर डोक्यात टोचा बसलाच म्हणून समजा. त्याला पासपोर्टची दया आली, त्यानं दोन थाळ्या मांडल्या. निगेटिव्ह दोन थाळ्यांमधे धावत राहिली, दोन्हीकडे राखण केली आणि स्वतः उपाशी राहिली, पण पासपोर्टला खाऊ दिलं नाही. "कुठल्याही कचेरीत चालेल ही," फोटोवाला म्हणाला.

हे असं सगळं घडी बसून चाललं होतं, तेव्हा ताई आली.

ताई म्हणजे फोटोवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे फोटोवाल्याला न्हाऊ घालण्यापासून कान पिळण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. साठीला टेकलेल्या भावाला ती अजून छोट्या म्हणायची. तिचं स्वतःचं घर शहराच्या पार टोकाला. नवरा गेल्यावर तिथेच एकटी राहून पुस्तकं बांधायची. शाळांची, वाचनालयांची, सुटलेली पानं शिवून, पुठ्ठे चढवून द्यायची. आता तिकडून रुंद रस्ता जायचा होता आणि तिचं घर त्या रस्त्यात येत होतं. एका वृद्धाश्रमात तिनं खोली बघून ठेवली होती. फोटोवाला आणि बायको दोघंही जाऊन बसले, म्हणाले, आमच्याकडे ये. ताईनं हातातला पुठ्ठा आधी चिकटवून पुरा केला. मग म्हणाली, "माझ्या कोंबड्या वाटून टाकल्या. एक राहिली आहे. म्हातारी आहे, लंगडते, कोणी घेत नाही. ती तुमच्याकडे रमली तर मी रमले असं समजा. महिनाअखेरपर्यंत बघू. आश्रमवाल्या बाई तेवढे दिवस खोली ठेवणार आहेत."

अशी ताई आली. हातात एक पिशवी, काखेला टोपली, टोपलीत कोंबडी.

आल्यापासून तिचं वागणं फोटोवाल्याला बघवत नव्हतं. हीच ती ताई, जिच्या आवाजानं गल्लीतली पोरं पाणी प्यायचं विसरायची. आता ती खुर्चीच्या कडेवर बसायची. "हा पेला घेऊ का गं?" "दिवा लावला तर चालेल ना?" "आधी तुम्ही अंघोळी करून घ्या, माझं मेलं काय, मागून झालं तरी चालतं." बायको प्रत्येक वेळी "घ्या हो", "लावा हो" म्हणायची. चहा झाला की ताई आपला कप धुवून, पुसून, ओट्यावर एका कोपऱ्यात वेगळा ठेवायची. चुकून तो इतर कपांत गेला तर बाहेर काढायची.

आणि कोंबडीचं म्हणाल तर विचारूच नका.

पहिल्या दिवशी टोपली परसात उघडली. म्हातारी लंगडत बाहेर आली, मान वर करून तिनं जागा बघितली, आणि तेवढ्यात निगेटिव्ह भिंतीपासून निघाली ती सरळ तिच्या अंगावर. मागोमाग सेपिया. आणि कमाल म्हणजे पासपोर्ट, जिला स्वतःला कधी धड दाणा मिळाला नाही, तिनं तर पिसं उपटली. फोटोवाला मधे पडला म्हणून निभावलं. मग जाळी लावून पाहिली. इकडे तिघी, तिकडे म्हातारी. एकमेकींना बघतील, सवय होईल. सवय झाली ती जाळीतून चोच मारायची.

"उजेडात व्हायचं नाही हे," ताई म्हणाली. कोंबड्यांच्या बाबतीत तिच्या बोलण्यात जुना ठसका यायचा. "नवी कोंबडी अंधारात नेऊन बसवायची, झोपल्या असतील तेव्हा, त्यांच्या मधोमध. कोंबडीला अंधारात काही म्हणता काही सुचत नाही. उजाडल्यावर डोळे उघडतात तेव्हा त्यांना वाटतं, ही तर कालपण इथेच होती. त्यांना मोजता थोडंच येतं."

तेही केलं. पण शहरात रात्र कुठे असते? परसाच्या भिंतीमागे रस्त्याचा भला मोठा दिवा. सूर्य मावळला की तो उगवायचा. खुराड्यावर पोतं टाकलं तरी फटीफटीतून त्याचा पिवळा उजेड आत. निगेटिव्ह दांडीवर बसल्या बसल्या एक डोळा उघडा ठेवायची आणि म्हातारीला आत सरकवलं रे सरकवलं की खाली उतरायची.

फोटोवाल्यानं दोन दिवस आणखी पोती टाकून पाहिली. महिना उतरणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तो एकदम उठला. "ताई, रात्र पाहिजे ना तुला? घरात आहे की माझ्या."

स्टुडिओ आणि स्वयंपाकघर यांच्या मधे त्याची डार्करूम होती. खिडकी नाही, भिंती काळ्या, एकामागे एक दोन दारं आणि मधे जाड पडदा. फोटो मशीनवर निघायला लागले तेव्हापासून तिथे काम उरलं नव्हतं. बाटल्या केव्हाच गेल्या होत्या, फरशी धुतली होती, पण ती खोली मोडून तिथे कपाट करू या म्हटलं की फोटोवाला ऐकू न आल्यासारखं करायचा. आता त्यानं दोन स्टुलांवर झाडूचा दांडा आडवा बांधला, खाली पेंढा पसरला. तिन्ही कोंबड्या एकेक करून आणून दांड्यावर ठेवल्या. दोन्ही दारं लावली, पडदा ओढला आणि जन्मभराच्या सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"झाला अंधार," तो समाधानानं म्हणाला. "थोडं थांबू, मग आण तुझीला."

ताई बाहेर टोपली धरून उभी. त्यानं तिला आत घेतलं. ताईला त्या लाल उजेडात धड काही दिसेना. "अरे, कुठे ठेवू?" म्हणत तिनं अंदाजानं म्हातारीला दांड्यावर टेकवलं.

पुढे जे झालं ते सांगण्यासारखं नाही. काळ्या खोलीत लाल उजेडात चार कोंबड्या आणि दोन माणसं. पंखांचा फडफडाट, पेंढा डोळ्यांत, स्टूल आडवं, ताई "अरे छोट्या, अरे छोट्या" करतेय आणि फोटोवाला कोणाला धरावं ते न कळून स्वतःच गोल फिरतोय. बायकोनं बाहेरून दारं उघडली तेव्हा पासपोर्ट तिच्या खांद्यावरून उडून स्टुडिओत गेली आणि कॅमेऱ्याच्या तिपाईवर जाऊन बसली. म्हातारी कोपऱ्यात डोकं खुपसून होती. तिचा तुरा फाटला होता.

बायकोनं तिला मांडीवर घेतलं. कापूस, औषध, दाबून धरलेला बोळा, सगळं सवयीनं. म्हातारी हूं की चूं नाही. "टाके नाही लागणार," बायको म्हणाली. "रक्त लवकर थांबलं. चिवट आहे म्हातारी."

ताई जवळच उभी होती. तिनं कोंबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "राहू दे रे छोट्या. तुम्ही दोघांनी केलंत ते पुष्कळ केलंत. उद्या सकाळी मी आश्रमातल्या बाईंना फोन करते, येतेय म्हणून. हिला कोणीतरी घेईल."

"कोंबडी दुसऱ्या कोणाला द्यायचीच आहे, तर मग तुम्ही कशाला जायचं?" बायकोनं बोळ्यावरची नजर न उचलता विचारलं.

ताई "माझे कपडे वाळत आहेत का गं, घेऊ का ते?" असं म्हणून परसात गेली.

फोटोवाला डार्करूम आवरायला गेला. बायको मागून केरसुणी घेऊन आली. तो उलट्या स्टुलावर बसला होता, लाल दिवा तसाच लावून. कान पिळलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"माझंच नशीब फुटकं," तो म्हणाला. "ती म्हणाली अंधार पाहिजे, मी पक्का अंधार दिला. सगळ्या गावात असा अंधार कोणाकडे नसेल. तरी यांना दिसलं कसं?"

बायको केर काढत होती. ती थांबली. "अहो, कुठे आहे अंधार?"

"म्हणजे?"

"मला तुम्ही दिसताय. तुमच्या केसातला पेंढा दिसतोय. मी झाडतेय तो केर दिसतोय मला."

"हा लाल दिवा आहे. लाल म्हणजे अंधारच."

"कोणाला?"

फोटोवाल्यानं दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग बायकोकडे. फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही. त्याच्यापुढे लाल दिवा लावला काय अन् न लावला काय, कागदाच्या लेखी काळोखच. पंधराव्या वर्षी त्याच्या उस्तादानं त्याला हे सांगितलं, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात लाल आणि अंधार या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या त्या बसल्याच. या दिव्यात आपल्याला स्वतःला दिसतं, दिसावं म्हणूनच तो लावतात, याचा त्यानं कोंबड्यांच्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता.

"मी त्यांना कागद समजलो," तो हळू आवाजात म्हणाला.

"काय समजलात?"

"कागद. त्या फिल्म आहेत गं. फिल्मला सगळं दिसतं. फिल्म धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही. काहीच चालत नाही. नुसती बोटं." तो उठला, दाराच्या फटी चाचपू लागला. "खालच्या फटीला फडकं लागेल. पायपुसणं कुठे आहे? नाही, जुना टॉवेल दे."

बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला हसू आवरेना. "ताईंना जाऊन सांगा आधी. टॉवेल मी बघते."

ताईनं सगळं ऐकून घेतलं. हातात घडी घातलेले कपडे होते, ते तिनं खाली ठेवले नाहीत. "नको रे. त्या बिचाऱ्या मुक्या जिवाला किती वेळा मार खायला लावायचा?"

"एकदाच. चूक कोंबड्यांची नव्हती, माझी होती. माझी चूक मला सुधारू दे, मग तुला जायचं तिकडे जा. मी स्वतः पिशवी उचलून येतो."

"लहानपणीपण असंच करायचास," ताई म्हणाली. "काच फोडायची आणि मग जोडून दाखवतो म्हणायचं." पण तिनं कपडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओला कडी लावली. तिघी कोंबड्यांना दांड्यावर बसवलं. आता अडचण अशी की दारं दोन असली तरी टोपली घेऊन शिरताना पडदा सरकून उजेड आत येणार. म्हणजे जे कोणी आत यायचं ते आधीच आत आलं पाहिजे, आणि म्हातारीसुद्धा. तेव्हा ताई टोपली कवटाळून एका कोपऱ्यात, बायको पडद्यापाशी, फोटोवाला दांड्याजवळ. दारं लागली. टॉवेल फटीला गेला. फोटोवाल्याचा हात बटणाकडे आपोआप गेला आणि त्यानं तो मागे घेतला.

असा काळोख शहरातल्या माणसानं पाहिलेला नसतो. डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हात लावून बघावं लागतं. दांड्यावर थोडी चुळबुळ झाली, एकदा पंख झटकल्याचा आवाज आला, निगेटिव्हनं घशातल्या घशात काहीतरी तक्रार केली. मग तीही थांबली. देवानं कोंबडीच्या अंगात कुठेतरी एक कळ बसवून ठेवली आहे, उजेड गेला की ती आपोआप बंद होते. राग, हक्क, पहिला नंबर, सगळं तिथल्या तिथे थिजतं.

"आता?" ताईनं कुजबुजत विचारलं.

"थांब जरा. अजून श्वास जोरात आहेत त्यांचे."

दांड्यावरचे श्वास हळू होत गेले. मग ताईचा आवाज आला, पण तो कोंबड्यांविषयी नव्हता.

"छोट्या, तुझ्या घरात मला चमचा कुठे ठेवायचा ते कळत नाही रे. सकाळी जाग येते, आणि मी पडल्या पडल्या ठरवत बसते की आज उठून कुठे बसायचं. तुम्ही दोघं चांगले आहात. तुमचा काही दोष नाही. पण मी जन्मभर माझ्या घरात राहिले. दुसऱ्याच्या घरात कसं राहतात ते मला येत नाही. आश्रमात सगळेच परके. तिथे काही वाटणार नाही."

फोटोवाल्यानं अंधारातच ताईकडे तोंड वळवलं. बोलली ती बायको, पडद्याजवळून.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांग की."

"तुम्ही आल्यापासून मलाच माझ्या घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतंय. पेला घेऊ का, दिवा लावू का, नळ सोडू का. दिवसभर मी आपली घ्या, लावा, सोडा. वॉर्डमध्येसुद्धा पेशंट इतकं विचारत नव्हते. आणि तो तुमचा कप. तो वेगळा ठेवलेला कप बघितला ना, की मला वाटतं यांनी अजून पिशवी सोडलेली नाही. मग मीपण नीट वागते. नीट वागून वागून मी दमलेय हो ताई."

अंधारात फोटोवाल्याला ओळखीचा आवाज ऐकू आला. ताई नाकातून हसली होती. लहानपणी तिला हसू दाबायचं असलं की ती असं करायची.

"तुला सांगते," ताई म्हणाली, "तुझ्या ओट्यावरची मांडणी मला पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही."

"मग बोलायचं की."

"परक्याच्या घरात कसं बोलणार?"

"तेच म्हणतेय मी."

"बायांनो," फोटोवाला हळूच म्हणाला, "निगेटिव्ह जागी होईल."

मग तो कामाला लागला. काळोखात काम करणं हे त्याला जन्मापासून येत असावं इतकं हाताशी होतं. फिल्म रिळावर चढवताना बोटं जशी कड शोधतात, तसा त्यानं दांड्याचा शेवट शोधला, तिथून तळहात सरकवत गेला. ही गरम, गच्च पाठ निगेटिव्हची. ती अंगाला हात लागूनही हलली नाही. मधे ओंजळभर जागा. पुढे सेपिया. त्यानं मागे हात करून ताईचं मनगट धरलं, तिचा हात दांड्यावर आणून टेकवला. "इथे. ही मोकळी जागा. डावीकडे काळी, उजवीकडे तपकिरी. आता सावकाश."

ताईची बोटंही काही कमी नव्हती. वर्षानुवर्षं पानांच्या कडा चाचपून सारख्या केलेली. तिनं म्हातारीला टोपलीतून उचललं, लंगडा पाय आधी दांड्यावर टेकवला, मग दुसरा. म्हातारीनं नखं आवळली. कोणी फडफडलं नाही. चौघी एकमेकींना चिकटून, भिंतीतल्या विटांसारख्या.

तिथेच त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवलं. माणसं एकेक करून, पडदा सावरत, दारं मिनिटाभराच्या अंतरानं उघडत बाहेर आली. फोटोवाल्यानं दुपारी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना दारातूनच हळू बोलायला सांगितलं. त्यांना वाटलं घरात कोणी आजारी आहे.

संध्याकाळी, परसात अजून ऊन होतं तेव्हा, चौघींना बाहेर सोडलं. तिघं माणसं भिंतीला टेकून बघत उभी. निगेटिव्ह डोळे मिचकावत आली. तिनं म्हातारीकडे पाहिलं, मान एकीकडे केली, मग दुसरीकडे केली. जवळ गेली आणि डोक्यावर एक टोचा मारला. ताईनं फोटोवाल्याचा दंड धरला. म्हातारी मागे सरकली, पण पळाली नाही. मान खाली घालून उभी राहिली. निगेटिव्ह थांबली, आणि जणू सही घेऊन झाली असं वळून दाण्यांकडे चालती झाली. सेपियानंही जाता जाता एक टोचा दिला. पासपोर्टनं दिला तो जरा जास्तच जोरात. आपल्याखालीही कोणीतरी आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. मग चौघी दाण्यांवर. म्हातारी सगळ्यात शेवटी, सगळ्यात कडेला. पण थाळीपाशी.

"मारलंन की गं तिला," फोटोवाला म्हणाला.

"मारणारच," ताई म्हणाली. "नुसतं बघून सोडलं असतं तर मला काळजी वाटली असती. कधी ना कधी नंबर लावून घ्यावाच लागतो."

पुढचे काही दिवस परसात थोड्या कुरबुरी चालू होत्याच. म्हातारी आणि पासपोर्ट यांचं पटायचं नाही. एकदा म्हातारीचं शेपटीचं पीस गेलं. रात्री ती अजून वेगळी, खालच्या विटेवर बसायची.

महिना संपायला आला होता त्या सकाळी फोटोवाला स्टुडिओत एका आजोबांना खुर्चीवर बसवून त्यांची हनुवटी बोटानं वर करत होता. "इकडे बघा. हलू नका." आतून स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"साखर कुठे गेली?" हा बायकोचा.

"खालच्या फळीवर ठेवली." हा ताईचा. "वर माझा हात पोचत नाही."

"आणि मला वाकावं लागतं त्याचं काय?"

"वाक. कंबर मोकळी होईल. इतकी वर्षं लोकांना व्यायाम सांगितलास."

"ताई, ते मीठ तरी जागेवर राहू द्या हो."

"कुठली जागा? शेगडीच्या एका टोकाला मीठ अन् दुसऱ्या टोकाला पातेलं, ही काय जागा झाली? सरक जरा."

भांडं आपटल्याचा आवाज झाला. आजोबांनी विचारलं, "घरात काही भांडणबिंडण?" फोटोवाल्याचा चेहरा असा फुललेला की आजोबाही हसले, आणि तो फोटो वाया गेला; पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आश्रमातल्या बाई होत्या. नम्रपणे विचारत होत्या की खोलीचं काय ठरलं. दुसरं एक कुटुंब वाट बघतंय, म्हणून आज कळलं तर बरं. फोटोवाल्यानं रिसीव्हरवर हात ठेवून आत हाक मारली, "ताई, आश्रमातून फोन आहे. काय सांगू?"

आत एक डबा फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"कोंबडीचं अजून काही खरं नाही म्हणावं," ताई आतूनच ओरडली, लहानपणी गल्लीत ऐकू जायचा तसल्या आवाजात. "पण खोली देऊन टाका. माझे हात भरलेत, मी येत नाही फोनवर."

फोटोवाल्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडच्या बाई गोंधळल्या. कोंबडीचा आणि खोलीचा काय संबंध, असं त्यांनी विचारलं. फोटोवाला म्हणाला, "काही नाही हो, संबंध असा काही नाही," आणि त्यांचे मनापासून आभार मानून त्यानं फोन ठेवला. मग तो आजोबांकडे वळला, त्यांची हनुवटी पुन्हा नीट केली आणि म्हणाला, "आता मात्र हसू नका."